सुट्टीतला कोडिंग आणि एआय कॅम्प: नाव घालण्याआधी, कॅम्प चालू असताना आणि नंतर काय करायचं

काही वर्षांपूर्वी मी एका कॅम्पमध्ये मदतीला गेले होते, शेवटच्या दिवशी डेमो होता, पालक आलेले, वीस मुलांनी वीस लॅपटॉप उघडले आणि वीसही स्क्रीनवर तीच मांजर तीच सफरचंदं टोपलीत झेलत होती. रंगसुद्धा तेच. टाळ्या झाल्या, सर्टिफिकेटं वाटून झाली, फोटो निघाले. मग एका आजोबांनी नातीला सहज विचारलं, "हे सफरचंद जरा हळू पाडता येईल का गं?" आणि ती पोर नुसती स्क्रीनकडे बघत राहिली, कारण पाच दिवस तिने पडद्यावर दिसतील ते ब्लॉक (सूचनांचे तयार ठोकळे) तसेच्या तसे ओढून लावले होते, कुठला ब्लॉक काय करतो हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यात तिची काहीच चूक नव्हती. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो आणि अजून वाईट वाटतं.

त्यानंतर बऱ्याच सुट्ट्या मी मुलांना शिकवलं, माझ्या स्वतःच्या मुलांना कॅम्पला पाठवलं, आणि आता कुणी विचारलं की मी एकच कसोटी सांगते: मुलाने स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी बनवलं का, आणि ते बिघडल्यावर स्वतः दुरुस्त केलं का. खालची सगळी पायरी-पायरी याच कसोटीवर उभी आहे.

पहिली पायरी: आधी मूल बघा, मग जाहिरात

वयाप्रमाणे साधन बदलतं. ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर आहे, त्यात ब्लॉकवर शब्दांऐवजी चित्रं असतात त्यामुळे अजून नीट वाचता न येणारं मूलसुद्धा टॅबलेटवर गोष्ट हलवून दाखवू शकतं. साधारण ८ च्या पुढे स्क्रॅच, त्यात शब्द लिहिलेले ब्लॉक एकमेकांना जोडून गेम किंवा गोष्ट बनवायची. हे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, ८ ते १६ वयोगट डोळ्यासमोर ठेवून, आणि ते आजही पूर्ण फुकट आहे, हे लक्षात ठेवा, म्हणजे कॅम्पवाले "आमचं सॉफ्टवेअर" म्हणून पैसे मागतात तेव्हा नक्की कशाचे मागतायत ते विचारता येईल. १० च्या आसपास ज्या मुलांना हाताने काही जोडायला, खोलायला आवडतं त्यांच्यासाठी मायक्रोबिट मस्त आहे, तळहातापेक्षा लहान बोर्ड, त्यावर २५ छोटे दिवे, दोन बटणं, हलवलं-तिरकं केलं की कळणारा सेन्सर. पायथन, म्हणजे टाइप करून लिहायची प्रोग्रामिंगची भाषा, त्याच्यानंतर.

इथे पालकांची घाई होते. "आमचा खूप हुशार आहे, त्याला ब्लॉकबिक नको, थेट पायथनला बसवा." हुशारीचा प्रश्नच नाहीये. स्क्रॅचमध्ये चुकीच्या आकाराचा ब्लॉक चुकीच्या खाचेत बसतच नाही, त्यामुळे मुलाचं सगळं लक्ष "मला काय घडवायचंय" यावर राहतं. पायथनमध्ये एक कोलन राहिला किंवा ओळीच्या सुरुवातीला दोन जागा कमी पडल्या की सगळं थांबतं आणि इंग्रजीत लाल अक्षरात काहीतरी येतं. ज्याला अजून एकेक अक्षर शोधून टाइप करावं लागतं असं ९ वर्षांचं मूल त्या लाल अक्षरांनी तिसऱ्या दिवशी दमतं आणि घरी येऊन सांगतं की कोडिंग मला जमत नाही. हे वाक्य मुलाच्या मनात एकदा बसलं की काढायला फार वेळ लागतो हो. टायपिंग बऱ्यापैकी येतंय, एरर वाचायची तयारी आहे, आणि ब्लॉकमध्ये हवं ते करून झालंय आणि आता ते कमी पडतंय असं मूल स्वतः म्हणतंय, मग खुशाल पायथन. बहुतेकांच्या बाबतीत हे ११-१२ च्या आसपास होतं, पण आधीही होऊ शकतं, नंतरही. पायथनमध्ये टर्टल नावाचं मॉड्यूल असतं त्याने सुरुवात करणारा कॅम्प मिळाला तर छान, स्क्रीनवरच्या कासवाला पुढे जा, वळ असं सांगत चित्र काढायचं. ही कल्पना गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी बनवलेल्या लोगो भाषेतून आली, आणि लोगो १९६७ सालची आहे. म्हणजे मुलांना कोडिंग शिकवणं ही काही कालची फॅशन नाही, त्यामागे पन्नासपेक्षा जास्त वर्षांचा अनुभव आहे.

दुसरं बघायचं ते मुलाचं वेड. त्याला फुटबॉल आवडतो, तिला गोष्टी लिहायला आवडतात, कुणाला गाणी. हे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: तासांचा हिशोब मांडा

माहितीपत्रक घ्या आणि एकूण तास मोजा. पाच दिवस, रोज तीन तास म्हणजे १५ तास. त्यातून ओळख, लॉगिन, खाऊची सुट्टी, शेवटचा डेमो काढला की हातात ११-१२ तास उरतात. आता यादी बघा. त्यात स्क्रॅच, पायथन, ॲप बनवणं, रोबोटिक्स, एआय, चॅटबॉट असं सगळं लिहिलं असेल तर प्रत्येकाला दोन तास, आणि दोन तासात मूल फक्त बघू शकतं, करू शकत नाही.

या वेळात नीट काय होतं ते माझ्या अनुभवाने सांगते. स्क्रॅचमध्ये: क्रमाने सूचना, लूप म्हणजे तेच परत परत करणं, "जर असं तर तसं", व्हेरिएबल म्हणजे बदलता आकडा साठवायची जागा, जसं स्कोअर वगैरे, आणि या सगळ्यातून एक स्वतःचा छोटा गेम. पायथनमध्ये: इनपुट घेणं, अट, लूप आणि आकडा ओळखायचा खेळ. हा खेळ मला फार आवडतो, कॉम्प्युटर १ ते १०० मधला आकडा मनात धरतो आणि तुम्ही ओळखायचा, तो फक्त मोठा की लहान एवढंच सांगतो. मुलं आधी वाट्टेल ते आकडे टाकतात, मग कुणीतरी दरवेळी मधला आकडा टाकून बघतं आणि जास्तीत जास्त ७ वेळात उत्तर येतंच येतं. का ७ च, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं की वर्गात जो आवाज होतो ना, तो ऐकायला मी परत परत जाते.

एकूण तासांपैकी निदान एक तृतीयांश वेळ मुलाच्या स्वतःच्या प्रोजेक्टला आहे का ते बघा. नसेल तर दुसरा कॅम्प शोधा.

तिसरी पायरी: फोन करा आणि हे विचारा

सगळ्यात आधी, "मागच्या बॅचच्या मुलांचे तीन-चार प्रोजेक्ट दाखवता का?" या एका प्रश्नात निम्मं काम होतं. प्रोजेक्ट एकमेकांपेक्षा वेगळे, थोडे वेडेवाकडे, कुठे रंग विचित्र, कुठे स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते मुलांनी केलंय. सगळे गुळगुळीत आणि एकसारखे असतील तर ते सरांनी केलंय.

एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं? मी ८ ते १० च्या वर जाऊ नये असं म्हणेन, लहान मुलं असतील तर अजून कमी, कारण एकाच वेळी तीन मुलं अडकलेली असतात आणि ज्याचा हात वर राहून राहून दुखतो ते मूल गेम उघडून बसतं. शिकवणारं कोण आहे, रोज तीच व्यक्ती असणार का? उत्तम प्रोग्रामर असणं आणि ९ वर्षांच्या मुलाजवळ गप्प बसून त्याला विचार करू देणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, मला दुसरं असलेला माणूस जास्त हवा.

प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर की दोघांत एक? दोघांत एक वाईटच असं नाही, उलट एकाने टाइप करायचं आणि दुसऱ्याने बघून पुढचं सुचवायचं ही खरी प्रोग्रामर लोकांची पद्धत आहे, पण दर १०-१५ मिनिटांनी जागा बदलायलाच हवी, आणि कॅम्पवाले ते घड्याळ लावून करतात का हे विचारा. मी पाहिलंय की मुलगा-मुलगी अशी जोडी असली की बरेचदा माउस मुलाकडे राहतो आणि मुलगी "छान, छान" म्हणत बाजूला बसते, आणि हे कुणी मुद्दाम करत नाही, नुसतं होत जातं. म्हणून लक्ष ठेवणारा माणूस लागतो.

मग मुलांची अकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडणार, फोटो कुठे टाकणार, प्रोजेक्ट घरी मिळणार का, मुलाला नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी पैसे परत मिळतात का. हे पटापट विचारून घ्या, आणि पैशाचं आणि फोटोचं लेखी घ्या.

चौथी पायरी: "एआय शिकवतो" म्हणजे नक्की काय शिकवता?

सध्या सगळ्यात जास्त फसगत इथे होते म्हणून इथे जरा थांबते. बऱ्याच ठिकाणी एआय शिकवणं म्हणजे चॅटबॉटला प्रश्न विचारणं आणि चित्रं बनवून घेणं. ते वापरणं झालं. टीव्ही लावता आला म्हणजे टीव्ही कसा चालतो ते कळलं असं होत नाही ना, तसंच. मुलांना एआय कळायचं असेल तर त्यांनी एकदा तरी स्वतः डेटा म्हणजे उदाहरणं गोळा करून मॉडेल ट्रेन केलं पाहिजे, म्हणजे त्या उदाहरणांवरून कॉम्प्युटरला ओळखायला शिकवलं पाहिजे, ते फसवून बघितलं पाहिजे आणि का फसलं ते शोधलं पाहिजे. आणि हे अवघड अजिबात नाही, कॅम्पला पाठवण्याआधी तुम्ही घरी करून बघा, एक तास पुरतो, मग कॅम्पवाल्यांना काय विचारायचं ते तुम्हाला आपोआप कळेल.

गुगलचं टीचेबल मशीन नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करायचं नाही, लॉगिनही नाही. चित्र, आवाज आणि शरीराची पोझ असे तीन प्रकार त्यात आहेत, चित्राचा घ्या. दोन गट करा, एकाचं नाव पेन, दुसऱ्याचं चमचा. वेबकॅमसमोर पेन धरून बटण दाबून ठेवलं की फोटो भराभर निघत जातात, साधारण ५०-६० काढा, मग चमच्याचे तेवढेच. ट्रेनचं बटण दाबा, थोडा वेळ थांबा, टॅब बदलू नका. झालं, आता समोर पेन धरला की पेनची पट्टी भरते, चमचा धरला की चमच्याची. मूल खूश.

आता खरा धडा. दोन्ही वस्तू खाली ठेवा आणि कॅमेऱ्याला रिकामी भिंत दाखवा. मॉडेल तरीही काहीतरी सांगतं, कदाचित "पेन ८० टक्के" असंसुद्धा, कारण त्याला दोनच उत्तरं माहीत आहेत आणि दोघांची मिळून टक्केवारी १०० करायचीच आहे, "माहीत नाही" म्हणायची सोय आपण दिलेलीच नाही. मुलाला विचारा काय करूया. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणतं तिसरा गट करू, "काहीच नाही" नावाचा. करू द्या.

मग दुसरा प्रयोग, हा जास्त महत्त्वाचा. नवीन प्रोजेक्ट, पेनचे सगळे फोटो खिडकीसमोर काढा आणि चमच्याचे सगळे कपाटासमोर. ट्रेन करा. आता चमचा खिडकीसमोर धरा. खूपदा मॉडेल पेन म्हणतं! ते चमचा-पेन शिकलंच नाही, ते खिडकी-कपाट शिकलं. आपण दिलेल्या फोटोंमध्ये जो फरक सगळ्यात सोपा होता तो त्याने पकडला. मुलाला हे डोळ्यांनी दिसलं की मग वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या हातांत फोटो काढायला ते स्वतः पळतं, घरातल्या सगळ्यांना वस्तू धरायला लावतं.

थोड्या मोठ्या मुलांना इथेच पुढची गोष्ट सांगा. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी चेहरा बघून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या सिस्टिम तपासल्या, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. अशा सिस्टिम ज्या फोटोंवर तयार होतात आणि तपासल्या जातात त्यांत कुणाचे चेहरे भरपूर आहेत आणि कुणाचे कमी, हा प्रश्न त्यातून पुढे आला. खिडकी-कपाट बघितलेल्या मुलाला हे लगेच समजतं, वेगळं समजवावं लागत नाही.

फोटोंबद्दल एक सांगते, या साधनात फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात, तुम्ही स्वतः ऑनलाइन सेव्ह केलं नाही तर. तरी मुलांच्या चेहऱ्यांऐवजी वस्तूंवरच सुरुवात करा.

स्क्रॅचची सवय असलेल्या मुलांसाठी मशीन लर्निंग फॉर किड्स आहे, त्यात स्वतः ट्रेन केलेलं मॉडेल स्क्रॅचच्या ब्लॉकमध्ये वापरता येतं, म्हणजे गोड बोललं की हसणारा आणि टोचून बोललं की रडणारा चेहरा वगैरे. कॅम्पमध्ये असं काहीतरी आहे का विचारा. "मुलं डेटा स्वतः गोळा करतात का? मॉडेल चुकतं तेव्हा तुम्ही काय करता?" या दोन प्रश्नांची उत्तरं समोरच्याने आनंदाने, उदाहरण देऊन दिली तर तिथे नाव घाला.

आणि चॅटबॉट? तो पूर्ण टाळा असं मी म्हणत नाही. पण चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ च्या आत पालकांची परवानगी हवी. त्यामुळे ९ वर्षांच्या मुलांना प्रत्येकी अकाउंट उघडून देणारा कॅम्प नियम मोडतोय, सरळ विचारा. शिकवणाऱ्याने मोठ्या पडद्यावर स्वतः चालवून सगळ्यांनी मिळून प्रश्न विचारणं ठीक आहे. त्यात करण्यासारखा चांगला खेळ म्हणजे ज्याचं उत्तर मुलाला पक्कं माहितीय अशाच गोष्टी विचारायच्या आणि चुका पकडायच्या, कारण तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठाम भाषेत देतो आणि हे मुलांना लहानपणीच कळायला हवं. नाव, शाळा, पत्ता, फोटो यातलं काही टाकायचं नाही. आणि कोड त्याच्याकडून घेतला तर प्रत्येक ओळ काय करते ते मुलाने सांगायचं आणि एक गोष्ट स्वतः बदलून दाखवायची, हा आमच्या वर्गातला नियम आहे, घरीही लावा.

ऑनलाइन की प्रत्यक्ष

जमत असेल तर प्रत्यक्ष, कारण शेजारच्याच्या स्क्रीनवर काहीतरी भारी दिसतं आणि "हे कसं केलंस रे" म्हणून मूल उठून जातं, निम्मं शिक्षण तिथे होतं. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर बॅच ५-६ मुलांची, रोज तासाभराचा किंवा फार तर दीड तासाचा वर्ग, आणि घरी दोन स्क्रीन, एकावर शिकवणारा आणि दुसऱ्यावर काम. एकाच छोट्या लॅपटॉपवर दोन्ही खिडक्या उघडून मुलं रडकुंडीला येतात. फोनवर तर करूच नका.

पाचवी पायरी: कॅम्पच्या आधीचा आठवडा

तांत्रिक गोष्टी आधी उरकून टाका. लॅपटॉप चार्ज, चार्जर पिशवीत, अपडेट आधीच करून ठेवलेले, लागणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून एकदा उघडून बघितलेलं. ऑफिसचा लॅपटॉप देत असाल तर त्यावर इन्स्टॉलची परवानगी नसते आणि पहिला अख्खा दिवस त्यात जातो, हे दर वर्षी कुणाचं तरी होतंच. मुलाला फाइल सेव्ह करणं, नाव देणं आणि परत शोधणं येतं का बघा. माउसची सवय नसेल तर माउस द्या, टचपॅडवर ब्लॉक ओढणं लहान बोटांना त्रासाचं असतं.

आणि एक खेळ, कॉम्प्युटरशिवाय. मुलाला सांगा की तू प्रोग्रामर आणि मी रोबोट, शर्टाची घडी कशी घालायची त्याच्या सूचना कागदावर लिही. मग तुम्ही अगदी शब्दशः तसंच करा. "बाही आत घे" लिहिलं असेल तर कुठली बाही, किती आत, हे रोबोटला कसं कळणार, दोन्ही हात शर्टाच्या आत घालून उभे राहा. मुलं खदखदून हसतात आणि मग गंभीर होऊन सूचना दुरुस्त करतात. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की कॅम्पच्या पहिल्या दिवसाचा अर्धा अभ्यास घरीच झालेला असतो.

तो वेडाचा कागद आठवतोय? तो मुलाबरोबर बसून बघा आणि त्यातून दोन-तीन प्रोजेक्टच्या कल्पना त्यालाच काढू दे, पेनल्टी किकचा गेम, निवड केली की बदलत जाणारी गोष्ट, असं काही. कल्पना हातात घेऊन गेलेलं मूल आणि "सर काय सांगतील ते" म्हणून गेलेलं मूल यांच्यात पहिल्याच दिवशी फरक दिसतो.

सहावी पायरी: कॅम्प चालू असताना

संध्याकाळी "आज काय शिकलास" असं विचारलं की "कोडिंग" एवढंच उत्तर येतं. "आज काय चालत नव्हतं?" असं विचारून बघा. एकदा एक मुलगा माझ्याकडे येऊन तणतणत होता की गेम परत सुरू केला की स्कोअर शून्यावर येत नाही, मागचाच पुढे चालू राहतो. मला उत्तर माहीत होतं, हिरवा झेंडा (स्क्रॅचमधलं गेम सुरू करायचं बटण) दाबला की स्कोअर ० कर असा एक ब्लॉक राहिला होता. मी सांगितलं नाही. तुला काय व्हायला हवं होतं, खरंच काय होतंय, आणि हे ० करायला कॉम्प्युटरला कुणी सांगितलंय, एवढे तीन प्रश्न विचारले आणि बाजूला झाले. पाऊण तास लागला त्याला. मग त्याने दोन्ही हात वर केले आणि त्यानंतर उरलेले दिवस बाकीच्या मुलांचे स्कोअर तोच दुरुस्त करत फिरत होता.

घरी मूल अडकलं तर तेच तीन प्रश्न विचारा. माउस हातात घेऊ नका, कितीही हात शिवशिवले तरी. तुम्हाला कोडिंग येत नसेल तर फारच उत्तम, कारण मग मुलाला तुम्हाला समजावून सांगावं लागतं आणि सांगता सांगता अर्ध्या वाक्यात त्यालाच चूक दिसते. वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि डोळ्यात पाणी यायला लागलं तर मात्र बंद करा, बाहेर खेळून या, उद्या शिकवणाऱ्याला विचारा.

मूल सलग दोन-तीन दिवस जायला नाही म्हणत असेल तर ऐका. कधी वर्ग फार पुढचा असतो, कधी फार सोपा, कधी शेजारी बसणारं मूल त्रास देत असतं, आणि यातलं प्रत्येक कारण शिकवणाऱ्याशी पाच मिनिटं बोलून सुटण्यासारखं असतं.

सातवी पायरी: डेमोचा दिवस आणि त्यानंतर

डेमोला गेलात की त्या आजोबांसारखं करा. कौतुक आधी, मनापासून, आणि मग एक छोटा बदल मागा, "हे थोडं हळू होईल का", "दोन खेळाडू करता येतील का". लगेच जमलं नाही तरी चालतं, मूल कुठे बघायचं हे शोधायला लागलं म्हणजे कॅम्प चांगला झाला. भर सगळ्यांसमोर मात्र परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका, गर्दी पांगली की विचारा.

निघण्याआधी प्रोजेक्ट घ्या. स्क्रॅचच्या फाइल मेनूतून प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर सेव्ह करता येतो, ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या, टीचेबल मशीनचा प्रोजेक्टही तसाच फाइल म्हणून उतरवता येतो. कॅम्पचं सामाईक अकाउंट असेल तर कॅम्प संपल्यावर ते चालेलच असं नाही, आणि मुलाचं पाच दिवसांचं काम हरवलं की त्याला खरंच रडू येतं. घरी स्क्रॅचचं स्वतःचं अकाउंट उघडताना ईमेल तुमचा द्या आणि युजरनेममध्ये मुलाचं खरं नाव घालू नका.

पुढचे दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास ठरवून ठेवा, नाहीतर शाळा सुरू होईपर्यंत सगळं विसरलेलं असतं. नवीन कोर्स लगेच लावायची गरज नाही. आहे त्याच गेममध्ये एक लेव्हल वाढव, आवाज घाल, किंवा स्क्रॅचवर दुसऱ्या कुणाचा आवडलेला प्रोजेक्ट रीमिक्स करून, म्हणजे त्याची प्रत घेऊन बदलून बघ, आत उघडून त्यांनी कसं केलंय ते वाच. मायक्रोबिट कॅम्पमध्येच राहिला असेल तरी मायक्रोबिटचा कोड लिहायच्या मेककोड नावाच्या वेबसाइटवर स्क्रीनवरचा बोर्ड असतो, त्यावर कोड चालवून दिवे लागलेले दिसतात, खरा बोर्ड नंतर घेतला तरी चालतो. कॅम्पमधल्या एखाद्या मित्र-मैत्रिणीचा नंबर तिच्या पालकांकडून घेतला असेल तर सगळ्यात भारी, दोघं मिळून जे बनवतात ते एकट्याने कधीच बनवत नाहीत.

कॅम्प जमलाच नाही, जागा भरल्या किंवा परवडला नाही, तर वर सांगितलेली बहुतेक साधनं ब्राउझरमध्ये फुकट आहेत. शर्टाच्या खेळाने सुरू करा, पेन-चमचा करा, मग स्क्रॅच उघडा आणि मुलाला त्या कागदावरची पहिली कल्पना वाचून दाखवायला सांगा.